मंडळीतली मदत: कुणाला, कधी आणि कशी द्यायची (मराठवाड्यातल्या छोट्या मंडळ्यांसाठी)

नाताळात साड्या आणि ब्लँकेटं वाटून झाली की आपल्याकडं बऱ्याच मंडळ्यांत, म्हणजे गावोगावच्या चर्चांत, गरिबांच्या मदतीचं खातं थेट पुढच्या डिसेंबरपर्यंत बंद होतं. मुद्दाम कुणी करत नाही, सवयच तशी पडलीय. पण मराठवाड्यात डिसेंबर हा त्यातल्या त्यात बरा महिना असतो, सोयाबीनचे पैसे येऊन गेलेले असतात, कापूस वेचणी चालू असते म्हणजे बायांना रोजची मजुरी असते, आणि बीड-धाराशिवकडची ऊसतोडीवाली माणसं तर मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेऊन कधीच कारखान्यावर गेलेली असतात, ती तिकडं कोप्यांमधी (पाचटाच्या झोपड्यांत) थंडीत झोपतात आणि ब्लँकेट इकडं गावात वाटलं जातं. खरी तंगी असते जून ते सप्टेंबर, हातातला पैसा बी-खतात गेलेला, शाळा सुरू झालेल्या, आणि पाऊस लांबला की खुरपणीचं कामही नाही. दुसरी तंगी एप्रिल-मे ची, तेव्हा काम नाही आणि वर पाणी विकत.

म्हणून ह्या सगळ्या लेखात मला जे सांगायचंय ते एवढंच की मदतीचं वेळापत्रक आपल्या सणावरून लावायचं सोडा, घेणाऱ्याच्या तंगीवरून लावा. हे एकदा पटलं की बाकीचं सगळं, म्हणजे किती जमवायचं, पिशवीत काय टाकायचं, कुणाच्या घरी जायचं, हे बऱ्यापैकी आपोआप ठरत जातं. तीस-चाळीस घरांच्या मंडळीला झेपेल असंच लिहितोय, मोठ्या संस्थेसारखं काही नाही.

सुरुवात वहीपासून

दोनशे पानी वही घ्या आणि पहिल्या पानावर बारा महिने लिहा. प्रत्येक महिन्यापुढं आपल्या गावात कुणाला काय अडचण येते ते लिहायचं, आणि हे पाळकांनी एकट्यानं नाही लिहायचं, महिला मंडळातल्या दोन-तीन बायांना सोबत बसवा कारण कुणाच्या घरी चूल पेटली नाही हे त्यांना आधी माहीत असतं. जून: वह्या, दप्तर, चप्पल, गणवेश. जुलै-ऑगस्ट: किराणा उधारीवर, लेकरांचं तापाचं. ऑक्टोबर: तोडीला जायची गडबड, मागं राहणारे म्हातारे आणि लेकरं कोण? मार्च ते मे: पाणी, लग्नसराई, परत आलेल्या माणसांची दुखणी. गावागणिक फरक पडेल, नांदेड-हिंगोलीत हळदीचं काम असतं, जालन्यात मोसंबी आहे, संभाजीनगरला वाळूजसारख्या एमआयडीसीत कंत्राटी पोरांचं काम सुटलं की वेगळाच घोळ. तुमचं तुम्ही लिहा, शेजारच्या मंडळीचं उतरवून घेऊ नका.

जमवायचं कसं

पौल करिंथकरांना सांगतो (१ करिंथ १६:२) की आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकानं आपापल्या मिळकतीप्रमाणं काही बाजूला काढून ठेवावं, म्हणजे मी आल्यावर वर्गण्या गोळा करत बसायला नको. किती व्यवहारी सल्ला आहे बघा! थोडं थोडं, ठरलेल्या दिवशी, कमाईप्रमाणं. आणि पुढं दुसऱ्या पत्रात मासेदोनियाच्या मंडळ्यांचं उदाहरण देतो, त्या स्वतः फार गरीब होत्या तरी यरुशलेमेतल्या विश्वासणाऱ्यांसाठी त्यांनी दिलं. त्यामुळं आपल्या मंडळीत सगळेच मजूर, आपण काय देणार, हे कारण मला फारसं पटत नाही.

गावाकडं सगळ्यात सोपी पद्धत म्हणजे मूठ. रोज भाकरीचं पीठ काढताना किंवा दळण करताना एक मूठ ज्वारी वेगळ्या डब्यात टाकायची आणि रविवारी किंवा महिन्यातून एकदा चर्चमधी आणायची. मिझोरामच्या मंडळ्यांमधी बाया प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढतात, तिथली ही रीत शंभर वर्षांहून जुनी आहे आणि त्यावर त्यांची बरीच मोठी कामं उभी राहिलीत. आपला हिशेब करा: एक मूठ ज्वारी चाळीस-पन्नास ग्रॅम धरली तर महिन्याला घरामागं सव्वा-दीड किलो होते, आणि चाळीसपैकी पंचवीस घरांनी जरी नेमानं टाकली तरी तीस-पस्तीस किलो जमते. कुणाला कळतही नाही इतकं आपल्या डब्यातून जातं. धान्य जमलं की उन्हात चांगलं वाळवा, कडुलिंबाचा वाळलेला पाला टाकून पत्र्याच्या डब्यात ठेवा, पावसाळ्यात दोन महिन्यांवर साठवू नका, नाहीतर किडे लागलेली ज्वारी द्यायची वेळ येते आणि ती देण्यापेक्षा न दिलेली बरी.

शहरात मूठ चालणार नाही, तिथं पाकीट. ५० असो की ५०० असो, पाकिटावर नाव नाही. आणि हे खातं दशमांशापासून (मिळकतीचा दहावा भाग) आणि रविवारच्या अर्पणापासून अगदी वेगळं ठेवा, कारण एकाच पेटीत टाकलं की लाईट बिल, छताचे पत्रे, कन्व्हेन्शनचा मंडप असं करत करत गरिबाच्या वाट्याला शेवटी उरलंसुरलं येतं. दुसऱ्या शतकात, साधारण इ.स. १५५ च्या सुमारास, रोममधल्या जस्टिन नावाच्या ख्रिस्ती लेखकानं ख्रिस्ती लोकांच्या रविवारच्या सभेचं वर्णन लिहून ठेवलंय, त्यात ऐपत असलेले लोक मर्जीनं देतात, ते अध्यक्षाकडं जमा होतं आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले आणि परगावचे पाहुणे यांची काळजी घेतली जाते असं आहे. इमारतीचा उल्लेख नाही त्यात. (इमारतच नव्हती म्हणा तेव्हा.)

कापणीच्या सणाला शेतकरी सभासद जे आणतात, भोपळा, तुरीच्या शेंगा, कोंबडी, त्याचा लिलाव होतो, बोली वर चढते आणि मजा येते. त्या लिलावातला निम्मा पैसा या खात्यात टाकायचा ठराव पंच कमिटीत आधीच करून घ्या. सणाच्या दिवशी माईकवर विषय काढला की वाद होतो, तो टाळलेलाच बरा.

एक मात्र करू नका, कुणी किती दिलं त्याची यादी वाचून दाखवू नका. "संतोषाने देणारा देवाला प्रिय असतो" हे आपण अर्पणाच्या आधी म्हणतो आणि लगेच नावं वाचतो, मग माणूस संतोषानं देतो का शेजाऱ्यानं हजार दिले म्हणून देतो?

कुणाला द्यायचं हे ठरवणारी माणसं

प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय ह्या कामासाठी पुन्हा वाचा. पहिल्या मंडळीतही वाटपावरून कुरकुर झाली, ग्रीक बोलणाऱ्या यहुद्यांच्या विधवा रोजच्या वाटणीत वगळल्या जायच्या. प्रेषितांनी काय केलं, स्वतः वाटायला बसले नाहीत, लोकांना सांगितलं की चांगल्या नावाची सात माणसं निवडा, आणि निवडलेल्या सातांची नावं बघितली तर सगळी ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार त्यांच्याच बाजूच्या लोकांच्या हातात काम दिलं. आपल्या छोट्या मंडळीत सात नकोत, तीन पुरे: एक बाई जिचा सगळ्या घरात वावर आहे, एक हिशेबाला पक्का माणूस आणि एक असा जो स्वतः कधीतरी मदत घेऊन बसलाय. हा तिसरा सगळ्यात महत्त्वाचा, मागताना जीभ कशी जड होते हे त्यालाच माहीत असतं. पाळकांना ह्यात घेऊ नका, कारण पाळकांच्या हातात वाटप आलं की उपासनेला येणारे आणि न येणारे असा हिशेब लोकच करायला लागतात, पाळकांच्या मनात नसला तरी.

घरी जाताना दोघांनी जायचं. फ्रान्समधी १८३३ साली फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या कॉलेजातल्या मित्रांनी जी सेवा सुरू केली, जी आज व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी म्हणून कॅथोलिक चर्चमधी जगभर चालते, तिची रीत हीच आहे, गरजूच्या घरी आपण जायचं आणि शक्यतो जोडीनं. दोघं असले की एक बोलतो, एक बघतो. विधवेच्या घरी एकटा पुरुष गेला तर गल्लीत चर्चा होते, तोही भाग आहेच.

गेल्यावर "तुम्हाला काय पाहिजे" असं विचारू नका, उत्तर "काही नको, प्रभूची कृपा आहे" असंच येतं. चहा घ्या, कोरा असला तरी घ्या, आणि साध्या गोष्टी विचारा. रेशन मिळायलंय का, का अंगठा उठत नाही म्हणून परत पाठवतात? बीपीची गोळी कुठून आणता, मागच्या महिन्यात बंद होती का? लेकरू शाळेत जातं का? गॅसची टाकी कधी भरली? दुकानात उधारी किती झाली? पाच प्रश्नांत घर कळतं. लिहून घ्यायचं ते बाहेर आल्यावर, समोर वही काढली की माणसाला तलाठी आल्यासारखं वाटतं.

ज्यांचा विसर पडतो त्यांची एक यादी वहीच्या मागं ठेवा: तोडीला गेलेल्यांचे म्हातारे आईबाप, नवऱ्यानं टाकलेली बाई (विधवेला मदत मिळते, हिला मिळत नाही कारण नवरा "आहे"), तरुण पोराचं अपंगत्व लपवणारं घर, आणि मंडळीतलं ते बरं दिसणारं कुटुंब ज्यांच्या घरावर स्लॅब आहे पण कर्जात बुडालंय.

आणि मंडळीबाहेरचे? गलतीकरांस पत्र ६:१० मधी सर्वांचं बरं करावं आणि विशेषकरून विश्वासाच्या घराण्यातल्यांचं, असं आहे. दोन्ही भाग पाळा. माझं मत विचाराल तर दर पाच घरांत एखादं दुसऱ्या समाजाचं घर असू द्या, येशूनं सांगितलेल्या चांगल्या शोमरोन्याच्या गोष्टीत वाटेत पडलेल्या जखमीला मदत करताना तो कोणत्या सभास्थानाचा आहे ते त्या परक्या शोमरोन्यानं विचारलं नव्हतं. फक्त एक नियम पक्का: पिशवीत पत्रक नाही, शुभवर्तमानाची पुस्तिका नाही, "रविवारी या" असं निमंत्रण नाही. मदतीला अट चिकटली की ती मदत राहत नाही, आणि आजकालच्या वातावरणात मदत घेणारं घर आणि मंडळी दोघंही विनाकारण अडचणीत येतात ते वेगळंच.

पिशवीत काय

इथं जरा थांबा कारण बहुतेक किट इथंच चुकते. २०२३ पासून रेशनवरचं धान्य फुकट आहे, अंत्योदय कार्डाला महिन्याला ३५ किलो, प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो. म्हणजे ज्याचं कार्ड चालू आहे त्याच्या घरी गहू-तांदूळ असतो, आणि आपण परत दहा किलो गहू नेऊन देतो, मग तो दुकानात कमी भावात विकून तेल आणतो आणि आपण म्हणतो बघा, मदत विकली! अहो त्याला तेलच पाहिजे होतं. कार्ड चालू असलेल्या घराला तूरडाळ, तेल, शेंगदाणे, साखर-चहापत्ती, मिरची, मीठ, अंगाचा आणि कपड्याचा साबण, आणि शक्य झालं तर गिरणीचे पैसे. मुठीतून जमलेली ज्वारी द्यायची ती कार्ड नसलेल्याला, नाव कटलेल्याला, किंवा ज्या म्हाताऱ्यांना भात-गहू पचत नाही आणि भाकरीच लागते त्यांना. असे आपल्याकडं भरपूर आहेत.

जुने कपडे हा एक वेगळाच विषय आहे. पूर आला की, २०२५ च्या सप्टेंबरात झालं तसं, ट्रक भरून कपडे येतात आणि ज्याचं सोयाबीन आणि घरातलं धान्य भिजलंय त्याला लागतं जनावराला वैरण, स्टोव्ह, ताडपत्री, वह्या-पुस्तकं. कपडे द्यायचेच तर आपण स्वतः उद्या चर्चला घालून जाऊ असेच द्या, बाकीचे फरशी पुसायला ठेवा.

ओळखीच्या दुकानदाराशी बोलून ठरवलं तर पिशवीच नको, त्याच्याकडं आपण आधी पैसे भरायचे आणि त्या घरानं आपल्या गरजेप्रमाणं ७००-८०० पर्यंतचा किराणा न्यायचा, दुकानदाराला फक्त एवढंच माहीत की खात्यावर जमा आहेत. मला ही पद्धत सगळ्यात जास्त आवडते, बाई इतर गिऱ्हाइकासारखी उभी राहून सामान मागते.

देताना

शेतकऱ्यांसाठी देवानं लेवीय १९ मधी नियमच घातलाय की कापणी करताना शेताचे कानेकोपरे कापू नका, पडलेला सरवा वेचू नका, तो गरिबासाठी आणि परक्यासाठी ठेवा. आणि गरीब विधवा रूथच्या गोष्टीत शेतमालक बवाज ह्या नियमाच्याही पुढं जातो, गड्यांना सांगतो की पेंढ्यांतून मुद्दाम थोडं काढून टाकत जा आणि तिला धमकावू नका. म्हणजे तिला मिळालं पण मागायला लागलं नाही, तिनं स्वतः वेचून नेलं. आपल्या सभासद शेतकऱ्यांना हे आजही जमतं, भुईमूग उपटून झाल्यावर किंवा सोयाबीन काढल्यावर शेळ्या सोडायच्या आधी दोन दिवस वावर वेचायला मोकळं ठेवायचं आणि निरोप धाडायचा.

बाकीच्यांनी हे पाळा: चर्चमधी उभं करून द्यायचं नाही. फोटो नाही, ग्रुपवर नाही, बॅनर तर नाहीच. तरुण संघाची पोरं म्हणतील फोटो टाकला की अजून लोक देतात, देतील सुद्धा, पण उजवा हात देताना डाव्याला कळू नये असं सांगणाऱ्या प्रभूला आपण स्टेटस दाखवून काय मिळवणार. हिशेबासाठी पुरावा लागतो तर पिशव्यांचा आणि दुकानाच्या बिलाचा फोटो घ्या, माणसाचा नाही. अंधार पडल्यावर किंवा दळण नेल्यासारखं सहज जाऊन ठेवून या.

कागदपत्रं म्हणजे सगळ्यात मोठी मदत

आपण वर्षभर पिशव्या दिल्या तरी जेवढं होत नाही तेवढं एका मंजूर अर्जानं होतं. ६५ च्या आतली विधवा, अपंग, निराधार असेल तर संजय गांधी निराधार अनुदान योजना, ६५ च्या पुढं श्रावणबाळ, महिन्याला १५०० रुपये (अपंगांना ऑक्टोबर २०२५ पासून २५००) थेट खात्यावर. कुटुंबाच्या उत्पन्नाची अट साधारण वर्षाला २१ हजाराच्या आत अशी आहे, अपंगांना ५० हजारापर्यंत. आधार, रेशन कार्ड, उत्पन्नाचा आणि रहिवासी दाखला, वयाचा पुरावा, पासबुक, विधवेला नवऱ्याचा मृत्यू दाखला, अन् अर्ज तहसीलला किंवा सेतूतून. मंडळीतलं एखादं कॉलेजचं पोरगं महिन्यातून एक दिवस ह्याच कामाला लावा, येण्याजाण्याचं भाडं आणि झेरॉक्सचा खर्च खात्यातून. मंजूर झाल्यावरही दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो राहिला की पैसे बंद होतात आणि म्हातारी म्हणते सरकारनं बंद केलं, म्हणून वहीत तारीख लिहून ठेवा.

शेतकऱ्याची आत्महत्या झालेलं घर असेल तर प्रकरण पात्र ठरल्यावर १ लाखाची शासकीय मदत असते, पण त्यासाठी पंचनामा, कर्जाचे कागद, सातबारा हे सगळं त्या बाईला पंधरा दिवसांच्या दुःखात जमवावं लागतं. अशा वेळी डबा घेऊन जाणारे खूप असतात, तिच्यासोबत तहसीलला जाऊन बसणारा एकही नसतो. तो एक आपला असू द्या.

दवाखाना, मयत, उचल

मोठ्या आकड्यांसमोर छोटं खातं लगेच संपतं. ऑपरेशनचं बिल भरायला जाऊ नका, आधी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का ते बघा, धर्मादाय ट्रस्टचं हॉस्पिटल असेल तर १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बलांना सवलतीत ठेवणं त्यांना बंधनकारक आहे, तिथल्या समाजसेवकाला भेटा. आपल्या खात्यातून द्यायचं ते जे कुठल्याच योजनेत नाही: घाटीत (संभाजीनगरचा सरकारी दवाखाना) किंवा अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात पेशंटजवळ बसणाऱ्याचं जेवण, गाडीभाडं (७५ पुढच्यांना एसटी फुकट आणि बायांना अर्धं तिकीट, तरी रिक्षा लागतेच), बाहेरून आणायला सांगितलेलं औषध, आणि मजुरी बुडाली त्या दिवसांचा किराणा. शोमरोन्यानंही हेच केलं ना, उतारशाळेवाल्याला दोन दिनार दिले आणि जास्तीचा खर्च परत येताना भरतो म्हणाला.

मयतीला पेटी आणि खड्ड्याचा खर्च मंडळीनं उचलायचा असं ठरवूनच टाका, श्रीमंत असो गरीब असो सगळ्यांसाठी सारखं, म्हणजे कुणाला मागावं लागत नाही.

मुकादमाची उचल फेडायच्या भानगडीत पडू नका. आकडा मोठा असतो, एक फेडली की पुढच्या हंगामात दुसरी घेतली जाते. त्यापेक्षा लेकरं मागं राहतील असं बघा, हंगामी वसतिगृहाची चौकशी शाळेत करा, आजी सांभाळत असेल तर त्या सहा महिन्यांत आजीच्या घरी दर आठवड्याला भाजी, तेल आणि अंडी पोचवा.

नाही म्हणणं

पैसे दारूत जातात अशा घरी नगद देऊ नका पण घरही सोडू नका, किराणा बाईच्या हातात आणि शाळेची फी थेट शाळेत. पोरं कमावती असून आईला बघत नाहीत तर आधी पोरांकडं जा, तीमथ्याच्या पहिल्या पत्रात पाचव्या अध्यायात पौल हेच म्हणतो की आधी घरच्यांनी बघावं, मंडळीवर भार टाकू नये. पोरं शेवटपर्यंत नाही बधली तर मात्र म्हातारीला उपाशी ठेवून तत्त्व पाळू नका.

उसने मागितले तर? खातं उसने देत नाही असा नियम ठेवा. द्यायचं ते दिलं, नाही ते नाही. उसनवारीनं दोन-चार हजारांपायी माणसं उपासनेला यायची बंद होतात, तोंड चुकवतात.

हिशेब

पौलासारखा माणूस सुद्धा एवढी मोठी वर्गणी एकट्यानं नेत नाही, सोबत मंडळ्यांनी निवडलेली माणसं घेतो आणि कारण स्पष्ट लिहितो की ह्या देणगीबाबत कुणी आम्हाला दोष लावू नये, प्रभूसमोरच नाही तर माणसांसमोरही चोख असावं (२ करिंथ ८). म्हणून बँकेत दोघांच्या सहीचं खातं, कुणाच्या वैयक्तिक फोन-पे वर नाही. दर तीन महिन्यांनी मंडळीत सांगायचं: इतके जमले, इतक्या घरांना गेले, इतके शिल्लक. घरांची नावं फक्त तिघांच्या वहीत.

मंडळी ट्रस्ट म्हणून नोंदलेली असेल तर हे खातं ट्रस्टच्या ऑडिटमधीच दाखवा. सभासदांकडून घेणं वेगळं, पण गावात किंवा व्हॉट्सॲपवर सगळ्यांना आवाहन करून वर्गणी जमवायची असेल तर आधी धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसातून परवानगी घ्या. परदेशी नागरिकत्व घेतलेला नातेवाईक किंवा तिकडचं चर्च पैसे पाठवतो म्हणालं तर एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी नसताना एक रुपया घेऊ नका, कितीही चांगल्या मनानं देत असले तरी.

शेवटचं, मार्चअखेर खातं शून्यावर आणायची घाई करू नका. कमिटीत कुणीतरी म्हणतंच की पैसे पडून आहेत, वाटून टाका. वहीचं पहिलं पान उघडून दाखवा, पुढं एप्रिल-मे आहे आणि त्याला लागून जून, किमान तीन महिने पुरेल एवढी शिल्लक ठेवूनच वर्ष बंद करा.